बूस्ट वाढवला आणि पेट्रोल अपुरं पडलं: सुपरचार्ज्ड मस्टँगला पंप कोणता टाकावा?

प्रश्न थोडक्यात असा. ह्यूस्टनला राहणारे एक वाचक २००६ ची फोर्ड मस्टँग जीटी चालवतात. ४.६ लिटरचं तीन व्हॉल्व्हवालं व्ही८ इंजिन, मॅन्युअल गिअर. आधीच्या मालकाने तिला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनच्या ताकदीवर फिरून आत जास्त हवा कोंबणारं यंत्र) बसवला होता, तेव्हा बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, ५ पीएसआय होता. यांनी सुपरचार्जरला लहान पुली (पट्ट्याचं चाक) लावून तो ९ वर नेला. आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ५,२०० आरपीएमच्या वर गाडी मिसिंग करते. लॉगमध्ये (स्कॅनरने नोंदलेल्या आकड्यांत) रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर ४० पीएसआयवरून २८ वर उतरतं, हवा-इंधनाचं प्रमाण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) ११.६ वरून १२.९ वर जातं, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची ड्यूटी (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के काम चाललंय ते) ९६ टक्क्यांवर पोचते, पण टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची ड्यूटी ५० टक्केच दिसते. त्यांचं म्हणणं, "पंप तर निम्म्या ताकदीनेच चालतोय, मग दोष कुठे आहे? गॅरेजवाला म्हणतो तासाला २५५ लिटरचा पंप टाका, काम होईल. टाकू का?"

आधी एक करा. जुनी पुली घरात असेल तर आजच परत बसवा. नसेल तर पंपाचं काम पूर्ण होईपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊ नका, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर हळू चालवा. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात १२.९ हे प्रमाण अगदी निरोगी आहे, म्हणून पुष्कळांना त्यात धोका दिसत नाही. ९ पीएसआय बूस्टखाली, ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात, गरम हवा आत ढकलत असताना तेच प्रमाण नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण आहे. या इंजिनात ९.८ चं कॉम्प्रेशन आहे, आणि मूळ पिस्टन व कनेक्टिंग रॉड फोर्डने सुपरचार्जर डोळ्यांसमोर ठेवून घातलेले नाहीत. नॉकिंग सुरू झालं की आधी पिस्टनच्या रिंगांमधला पातळ कठडा तुटतो. त्याचा आवाज बाहेर येत नाही. इंजिन तेल प्यायला लागतं तेव्हा कळतं, आणि तोवर इंजिन उतरवण्यावाचून पर्याय उरलेला नसतो.

आता ५० टक्क्यांचा खुलासा, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. या पिढीच्या मस्टँगमध्ये इंधन परत टाकीत आणणारी लाइन नाही आणि रेलवर प्रेशर रेग्युलेटरही नाही. इंजिनचा कॉम्प्युटर रेलवरच्या सेन्सरकडून प्रेशर वाचतो आणि पंपाच्या ड्रायव्हर मॉड्यूलला सांगतो की पंप किती जोराने फिरव. या आज्ञेची फोर्डची भाषा अशी आहे की कॉम्प्युटर जेवढे टक्के सांगेल त्याच्या दुप्पट मॉड्यूल पंपाला देतं. स्कॅनरवर २५ दिसलं तर पंप ५० टक्क्यांवर असतो. ५० दिसलं तर पंपाला पूर्ण करंट मिळतोय, देण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणजे तुमचा पंप ५,२०० आरपीएमच्या आसपासच संपलाय. त्यापुढे कॉम्प्युटर प्रेशर पडताना बघतो, इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून ती तूट भरून काढतो, आणि इंजेक्टरही ९६ टक्क्यांवर पोचले की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) व्हायला लागतं. तुमच्या लॉगमध्ये हा क्रम स्वच्छ दिसतो. आधी पंपाची ड्यूटी टेकली, मग प्रेशर पडलं, मग इंजेक्टर टेकले, मग १२.९. कॉइल, प्लग, सेन्सर यांच्यावर संशय घेऊन त्यावर पैसे घालवू नका.

गॅरेजवाल्याचा निदानाचा भाग बरोबर आहे. औषधाचा भाग मात्र अर्धवट आहे. "२५५ लिटर" हा आकडा पंपाच्या खोक्यावर असतो, आणि तो विशिष्ट प्रेशरला, विशिष्ट व्होल्टेजला मोजलेला असतो. शेतातल्या विहिरीवरची मोटर आठवा. पाणी जितकं उंच चढवायचं तितकी धार बारीक होते, आणि रात्री व्होल्टेज पडलं की तीच मोटर निम्मं पाणी देते. टाकीतला पंपही तसाच वागतो. प्रेशर वाढलं की प्रवाह घटतो आणि करंट वाढतो. करंट वाढला की जुन्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं, आणि प्रवाह दुसऱ्यांदा घटतो. म्हणून पंप निवडायचा तो तुमच्या गाडीच्या सर्वांत वाईट क्षणाला, म्हणजे पूर्ण बूस्ट, वरचा आरपीएम, गरम पेट्रोल आणि पंपाच्या टोकाला प्रत्यक्ष पोचणारं व्होल्टेज धरून.

तो क्षण कागदावर मांडू. तुमचं इंजिन मुळात ५,७५० आरपीएमला ३०० एचपी देतं. ९ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १.६ पट हवा. नुसत्या गुणाकाराने ४८० येतात, पण हवा दाबताना तापते आणि सुपरचार्जर फिरवायला क्रँकच ताकद देतो. तेव्हा क्रँकवर ४५० एचपी धरा. मॅन्युअल गिअरमध्ये चाकांवर त्यातले साधारण ३८० पोचतील.

एक हॉर्सपॉवर तासभर काढायला सुपरचार्जर नसलेलं इंजिन सुमारे ०.५ पौंड पेट्रोल घेतं. सुपरचार्ज्ड इंजिनाला मी ०.६ ते ०.६५ धरतो. याची कारणं दोन. एक, सुपरचार्जर स्वतः ४०-५० एचपी खातो आणि त्यांचंही पेट्रोल जाळावं लागतं, पण ते एचपी डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर येत नाहीत. दोन, ज्वलनाची उष्णता आवरायला मिश्रण मुद्दाम गडद (पेट्रोल जास्त) ठेवतो. ०.६२ धरलं तर ४५० एचपीला तासाला २७९ पौंड, म्हणजे सुमारे १२७ किलो. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४५ किलो धरली तर १७० लिटर होतात. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुतेक १० टक्के इथेनॉल असतं, त्यासाठी तीन-चार टक्के आणखी. म्हणजे १७६ लिटर. त्यावर किमान २० टक्के राखीव हवंच, कारण पंप म्हातारा होतो, फिल्टर भरतो, थंडीत हवा घट्ट होते आणि इंजिन जास्त पेट्रोल मागतं. ह्यूस्टनला डिसेंबरातल्या सकाळी तुमची गाडी ऑगस्टपेक्षा जास्त ताकद काढेल, म्हणजे जास्त पितेही. हिशेब २१० ते २१५ लिटरांवर येतो.

आता प्रेशर. इंजेक्टरच्या तोंडाशी पलीकडे बूस्ट ढकलत असतो, म्हणून ४० पीएसआयचा फरक टिकवायचा तर रेलमध्ये ४९ लागतील. टाकीपासून रेलपर्यंतची लाइन आणि फिल्टर यांत चार-पाच पीएसआय जातात, ते धरून पंपाच्या तोंडाशी सुमारे ५४. म्हणून खरा प्रश्न असा होतो: ५४ पीएसआयला, तुमच्या गाडीतल्या व्होल्टेजला २१५ लिटर देणारा पंप कोणता? ४० पीएसआय आणि साडेतेरा व्होल्टला २५५ लिटर देणारा पंप ५४ ला ढोबळमानाने २२५ च्या आसपास उतरतो. वायरिंग उत्तम असेल तर तो काठावर पास होतो. पंपाच्या टोकाला बारा व्होल्टच पोचत असतील तर त्यातलेही १५-२० टक्के जातात आणि तुम्ही १८५ वर येता, म्हणजे नापास. एकच पंप, एकच खोका, पण एका गाडीत इंजिन वाचतं आणि दुसरीत पिस्टन जातो. प्रत्येक चांगला उत्पादक प्रेशर-प्रवाहाचा आलेख देतो. तो न बघता पंप विकत घेऊ नका. आलेख नसलेला पंप तर घेऊच नका. या क्षेत्रात वॉल्ब्रो कंपनीच्या २५५ लिटरच्या पंपाच्या नकली प्रती सर्रास विकल्या जातात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. किंमत संशयास्पद कमी दिसली की माल खरा नसतो.

सुपरचार्जरच्या प्रकाराबद्दल एक गोष्ट ओघाने सांगतो. तुमचा रूट्सवाला खालच्या आरपीएमपासूनच जवळपास पूर्ण बूस्ट देतो, त्यामुळे पेट्रोलची मागणी आरपीएमबरोबर सरळ चढते आणि तूट कुठे सुरू झाली ते लॉगमध्ये नीट सापडतं. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमध्ये बूस्टही आरपीएमबरोबर वाढत जातो, म्हणून मागणी शेवटच्या हजार आरपीएममध्ये एकदम उसळी घेते. ५,००० पर्यंत सगळं ठीक दिसतं आणि ५,८०० ला खड्डा येतो. तसा सुपरचार्जर असलेल्यांनी राखीव थोडं जास्तच धरावं.

पंपाच्या आधी एक छोटी रबरी नळी तपासा. रेलवरचा प्रेशर सेन्सर मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबाच्या तुलनेत प्रेशर मोजतो, आणि त्यासाठी त्याला मॅनिफोल्डवरून एक नळी येते. सुपरचार्जर बसवल्यावर ही नळी सुपरचार्जरच्या पुढे, म्हणजे जिथे बूस्ट असतो तिथे जोडलेली असायला हवी. कुणी ती थ्रॉटलजवळ, सुपरचार्जरच्या आधी जोडली असेल तर सेन्सरला बूस्ट दिसतच नाही. तो खुशाल ४० दाखवतो आणि इंजेक्टरला प्रत्यक्षात ३१ मिळतात. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ४० ऐवजी ३१ म्हणजे सुमारे १२ टक्के पेट्रोल कमी, आणि तेही लॉगमध्ये न दिसता. तुमच्या लॉगमध्ये प्रेशर पडताना दिसतंय, म्हणजे मुख्य आजार हा नाही. पण आधीच्या मालकाने काम कुणाकडून करून घेतलं ते तुम्हाला माहीत नाही, आणि इतक्या वर्षांत रबर तडकतंच. नवी नळी घाला, दोन्ही टोकांना क्लिप लावा.

मग वायरिंग. माझ्या अनुभवात "पंप कमी पडतो" म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये वायरिंगचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. मल्टीमीटरने पंपाच्याच टोकाला मोजायला जाल तर मॉड्यूल करंट तोडून-तोडून देत असल्यामुळे आकडा फसवा येईल. त्याऐवजी ड्रायव्हर मॉड्यूलला येणारा पुरवठा आणि त्याचं अर्थिंग मोजा, आणि तेही गाडी भाराखाली असताना, डायनोवर किंवा शेजारी माणूस बसवून बंदिस्त ट्रॅकवर. बॅटरीच्या टोकांवर १३.८ आणि मॉड्यूलवर १२.६ असं दिसलं तर जवळजवळ सव्वा व्होल्ट रस्त्यातच गेला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट मी मान्य करत नाही. उपाय स्वस्त आहे: बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंत ४ ते ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, ४० अँपिअरचा चांगला रिले, तो चालू करायला जुन्याच वायरचा सिग्नल, आणि बॉडीचा रंग खरवडून घट्ट केलेलं नवं अर्थिंग. टाकीच्या झाकणातून आत जाणाऱ्या कनेक्टरच्या पिनाही बघा. मोठ्या पंपाच्या करंटने त्या तापून वितळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि बाहेरून कनेक्टर नवाकोरा दिसतो.

याच जागी पट्टाही बघा. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी असते. ऑल्टरनेटर त्याच पट्ट्यावर असेल आणि पट्टा घसरत असेल तर बूस्टबरोबर व्होल्टेजही हलतं. लॉगमध्ये व्होल्टेजची रेघ वर आरपीएमला खाली वाकते का ते पाहा.

आता पर्याय. या मस्टँगला खरे रस्ते चार आहेत.

पहिला, मूळ पंप ठेवून व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लावणे. केन बेल कंपनीचं उपकरण यात जुनं आणि परिचित आहे. बूस्ट चढला की ते मॉड्यूलला १६-१७ व्होल्ट देतं आणि पंप जोराने फिरतो. फक्त बूस्टमध्येच चालत असल्याने पंपावर कायमचा ताण पडत नाही. पैसे कमी लागतात, टाकी उघडावी लागत नाही, आणि ९ पीएसआयला हे पुरतं. माझा आक्षेप एवढाच की तुमचा पंप मूळचाच, २००६ चा असेल, तर थकलेल्या पंपाला जास्त व्होल्टेज देणं म्हणजे तो कधी बंद पडेल याची वाट बघणं. बूस्टर लावायचा तर पंप नवा हवा, आणि नवा पंप बसवायला टाकी उघडावीच लागते. मग पुढचे पर्याय जवळ येतात.

दुसरा, मूळ जागीच ३२० किंवा ३४० लिटरच्या वर्गातला एक मोठा पंप. एईएम आणि डॉयचवर्क्स यांचे असे पंप खूप वापरले जातात. हिशेबात तो आरामात बसतो. पण तो ५४ पीएसआयला मूळ पंपापेक्षा बराच जास्त करंट ओढतो, तेव्हा वर सांगितलेलं वायरिंग केल्याशिवाय हा पंप टाकणं मला पटत नाही. शिवाय आयडलवर एवढा मोठा पंप फार कमी ड्यूटीला चालवावा लागतो. ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, पंपाचं कोष्टक बदललं नाही तर सिग्नलला उभं असताना प्रेशर खाली-वर डोलतं.

तिसरा रस्ता मला सर्वांत पसंत आहे: २००७ नंतरच्या शेल्बी जीटी५०० चं पंपांचं पूर्ण युनिट. फोर्डने तिच्या सुपरचार्ज्ड ५.४ लिटर इंजिनासाठी एकाच झाकणात दोन पंप आणि त्यांना दोन वेगळी ड्रायव्हर मॉड्यूल दिली. हे युनिट याच पिढीच्या जीटीच्या टाकीत बसतं, आणि दुसऱ्या मॉड्यूलसाठी तयार वायरिंगही मिळतं. करंट दोन मॉड्यूलमध्ये विभागला जातो, पंप फोर्डच्याच भाषेत चालतो, आणि ट्यूनरकडे त्याची कोष्टकं तयार असतात. पुढे इंजिन बांधून ताकद वाढवलीत तरी पंपाला हात लावावा लागत नाही. धोका एकच, पण तो लक्षात ठेवा. दोनांपैकी एक पंप मेला तर साध्या रस्त्यावर काहीच कळत नाही, दुसरा सगळं सांभाळून नेतो. कळतं ते पूर्ण बूस्टमध्ये. म्हणून ट्यूनरला सांगून कमी प्रेशरला इंजिनाची ताकद तोडणारी सोय करून घ्या, आणि डॅशबोर्डवर प्रेशरचं गेज लावा.

चौथा, परतीची लाइन टाकून रेलवर रेग्युलेटर बसवण्याची पद्धत. चाकांवर ६००-७०० एचपीच्या गाड्यांना ती शोभते. तुमच्या मूळ रॉडवर तिथे जायचंच नाही. चाकांवर ४२५ च्या पुढे हे इंजिन ओढू नये असं माझं मत आहे. शिवाय परतीच्या लाइनमध्ये पेट्रोल गरम इंजिनाजवळून फिरून पुन्हा टाकीत येतं आणि टाकी तापत जाते. ह्यूस्टनच्या वाहतुकीत ते नको.

पंप कुठलाही घ्या, इंजेक्टर बदलावेच लागतील. तासाला २८९ पौंड भागिले आठ म्हणजे प्रत्येकी ३६, आणि ८५ टक्के ड्यूटीची मर्यादा धरली तर साडेबेचाळीस पौंडांचा इंजेक्टर हवा. बाजारात त्यापुढचं सहज मिळणारं माप ४७ पौंडांचं आहे, ते घ्या. मूळ इंजेक्टर सुमारे २४ पौंडांचे असतात. तुमच्या किटबरोबर त्याहून मोठे आले असतील, पण ९६ टक्क्यांचा आकडा सांगतो की तेही ५ पीएसआयचा हिशेब धरूनच दिलेले आहेत. प्रेशर सुधारल्यावर ही ड्यूटी थोडी उतरेल, तरी ८५ च्या खाली येणार नाही. आणि इंजेक्टर बदलले की ट्यून बदलावीच लागते, त्याला पळवाट नाही. पंप, इंजेक्टर आणि ट्यून यांचा एकच खर्च धरा. तिन्हींपैकी एक पुढे ढकलायचा असेल तर पुलीच पुढे ढकला.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण पुण्या-मुंबईहून असेच प्रश्न येतात. तिकडे ज्या गाड्यांचा रीमॅप (कॉम्प्युटरच्या ट्यूनमध्ये बदल) होतो त्यांतल्या बऱ्याच थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो गाड्या असतात. त्यांत टाकीतला पंप फक्त पुरवठा करतो. खरं प्रेशर कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप देतो, आणि बहुतेक वेळा मर्यादा तिथेच येते. टाकीतला पंप बदलून फरक पडेलच असं नाही. दोन्ही प्रेशरचे लॉग घेतल्याशिवाय काही विकत घेऊ नका. दुसरं म्हणजे ई२० पेट्रोल. इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलचं समतोल प्रमाण १४.७ असतं, ई२० चं सुमारे १३.५. तेवढीच हवा जाळायला सात-आठ टक्के जास्त लिटर लागतात. जुन्या पेट्रोलवर काठावर चाललेला पंप ई२० वर काठाखाली जातो. आणि भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. सुपरचार्जर बसवून ती गाडी रोज रस्त्यावर चालवायचा बेत तिथे करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारेल.

पुन्हा ह्यूस्टनला. बसवण्याचं काम कठीण नाही, पण पेट्रोलच्या वाफांशी खेळ नको. टाकी पाव भागाच्या खाली आणा. पंपाचा पुरवठा तोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची ऋण वायर काढा. काम उघड्यावर किंवा सगळी दारं उघडून, जवळ अग्निशामक, आणि साधा लोंबता बल्ब अजिबात नाही. या मस्टँगची टाकी मागच्या सीटखाली आहे. सीटची गादी उचलली की झाकणं दिसतात, टाकी खाली उतरवायची गरज नसते. झाकणाभोवतीची धूळ आधी हवेने उडवा, नाहीतर ती सरळ आत पडते. कडं फिरवायला स्टीलची छिन्नी-हातोडी वापरू नका, पितळी किंवा लाकडी ठोकळा घ्या. ठिणगी नको.

ही टाकी घोड्यावरच्या खोगिरासारखी दोन कप्प्यांची आहे, मधून शाफ्ट जातो. पंप एका बाजूला असतो आणि दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल पंपाच्याच प्रवाहावर चालणारा जेट ओढून आणतो. पंप बदलताना ही जेटची नळी तशीच जोडलेली राहिली पाहिजे. ती सुटली तर टाकी निम्मी भरलेली असताना गाडी बंद पडेल आणि तुम्ही नव्या पंपाला दोष द्याल.

आणखी एका नळीचा आग्रह धरतो. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेली नळी ३०आर१० दर्जाची हवी. गॅरेजमध्ये सहज सापडणारी ३०आर९ नळी आतून पेट्रोल सोसते, पण बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडाली की तिचं आवरण फुगतं, सुटतं आणि काही महिन्यांत पंपाच्या तोंडाशीच गळती सुरू होते. पंप जोरात फिरतो, रेलला मिळतं कमी, आणि लॉग हुबेहूब आत्ताच्यासारखा दिसतो. झाकणाची रबरी रिंग नवी घाला, टाकीतली जाळी नवी घाला आणि लाइनवरचा फिल्टरही त्याच दिवशी बदला. जुन्या फिल्टरमागे नवा पंप लावण्यात अर्थ नाही.

सगळं बसल्यावर किल्ली चालू-बंद करून तीन-चार वेळा रेल भरू द्या आणि हात लावून, वास घेऊन प्रत्येक जोड तपासा. इंजिन चालू केल्यावर पुन्हा तपासा. गरम झाल्यावर तिसऱ्यांदा. मग डायनोवर, आधी मोठ्या पुलीवर एक पूर्ण फेरी. ५,८०० ला प्रेशरचा फरक ४० च्या आसपास स्थिर, पंपाची आज्ञा ४० च्या खाली, म्हणजे प्रत्यक्षात ८० टक्क्यांच्या आत, इंजेक्टर ८५ च्या आत आणि मिश्रण ११.५ ते ११.८, हे चारही आकडे जमले तरच लहान पुली लावा आणि तीच फेरी पुन्हा घ्या. टाकी त्या वेळी अर्ध्याहून जास्त भरलेली असू द्या. ९ पीएसआयला पंपाची आज्ञा ४५ च्या वर जात असेल तर ट्यूनरला फेरी तिथेच थांबवायला सांगा आणि मॉड्यूलवरचं व्होल्टेज पुन्हा मोजा. त्या फेरीचा लॉग आणि आत्ताचा लॉग दोन्ही पाठवा, मी बघून सांगतो.